कोणत्या सालची?

सण जिथे संपतो तिथे माझी पाळी सुरू होते.
पहाटेचे चार. हेलसिंकीचं बंदर.
सीगल माझ्या आधीच कामाला लागलेले.

या शहराचं पंचांग मी खराट्याने वाचते.
एप्रिलभर खडी :
हिवाळ्यात बर्फावर पेरलेली, पाय घसरू नयेत म्हणून,
आता जुन्या उधारीसारखी वर आलेली.
ती भरायची पोत्यांत, कारण मेच्या पहिल्या तारखेला वाप्पू,
आणि वाप्पूला रस्ते लख्ख लागतात.
मग एका रात्रीत सगळं मुसळ केरात.
केरही माझाच.

कागदी फिती दिव्यांच्या खांबांना, झाडांना, माझ्या गाडीच्या चाकाला.
लिंबाच्या सीमाची चिकट थारोळी.
चौकातल्या काशाच्या बाईला पोरांनी
आंघोळ घालून चढवलेली पांढरी टोपी.

गेल्या वर्षी एस्प्लनादीच्या बाकाखाली
मला एक टोपी सापडली.
पांढरी कसली, सायीसारखी पिवळट,
पुढे पितळेची इवलीशी वीणा,
आत कातडी पट्टीवर शाईने :
इ. कोर्पिवारा, १९६१.

शाळा पुरी केलेल्यांची टोपी ही.
शेवटची परीक्षा पास झालं की मिळते,
मग वर्षातून एकदा, मरेपर्यंत, डोक्यावर.
मी पंधराव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात गेले.
तिथे रबरी टोपी असायची, कंपनीची,
संध्याकाळी परत करायची.

कौको म्हणाला, हरवल्या-सापडल्यात जमा कर, तुओवी.
करते म्हटलं.
केली नाही.

जूनमध्ये योहान्नुस. शहर ओस.
सगळे तळ्याकाठी, होळ्या पेटवायला,
दारांशी भूर्जाच्या फांद्या खोचून गेलेले.
सूर्य मावळायचं नाव घेत नाही
आणि झाडायला काडी नाही.
त्या रात्री मला माझीच पावलं ऐकू येतात.
नाही आवडत.

ऑक्टोबरात बेटांवरून होड्या येतात, हेरिंगचा बाजार घेऊन.
बेर्टेलने मोहरीतल्या मासळीची बरणी पुढे केली
आणि माझ्या बोटांकडे बघून म्हणाला,
कारखान्यात होतीस ना?
चाळीस वर्षं उलटून गेली,
अंगठा अजून खवल्यांच्या बाजूनेच वळतो.

डिसेंबरची सहा तारीख.
खिडकी-खिडकीत दोन मेणबत्त्या.
विद्यार्थी मशाली घेऊन कब्रस्तानापासून निघाले,
तोंडातून वाफा, डोक्यावर टोप्या.
मी फुटपाथवर उभी राहून एकेक डोकं बघितलं,
एखादं म्हातारं, बोडकं,
काहीतरी शोधत असलेलं दिसतंय का.
सगळी विशीतली.
दुसऱ्या दिवशी बर्फावर काजळीचे थेंब.
ते झाडून निघत नाहीत, खरवडावे लागतात.

आणि परत वाप्पू.
या खेपेला निघताना मी खुंटीवरून टोपी काढली,
घातली.
थोडी सैल. कानांवर टेकली.
अर्धी एस्प्लनादी झाडून झाली
तेव्हा कठड्यावर एक पोरगा, एकाच पायात बूट,
केसांत गुलाबी फीत, डोळे उघडायच्या खटपटीत :
आजी, कोणत्या सालची?

एकसष्ट, असं जिभेवर आलं होतं.
एकसष्ट साली मी दोन वर्षांची.
म्हटलं, आजची. आज पहाटेची.

तो उठला. उठायला त्याला वेळ लागला.
आपली टोपी काढून छातीशी धरली,
वाकला, तोल गेला,
बाटली फुटली.

मी काचा भरल्या.
तो सॉरी, सॉरी म्हणत ट्रामच्या दिशेने लंगडत गेला.

टोपी अजून डेपोत आहे, सातव्या खुंटीवर,
खराट्यांच्या रांगेत.
इ. कोर्पिवारा किंवा त्यांचं कोणी विचारत आलं तर देईन.
देईन म्हणजे देईनच.
फक्त, पट्टी चांगली लांब आहे.
नावापुढे अजून बरीच जागा आहे.