कोणाकडून?

ग्रिम्सबीला, मंगळवारी संध्याकाळी सातला,
लायब्ररीच्या वरच्या खोलीत
स्ट्रॉसनबाई फळ्यावर एक मांजर सोडतात.

मांजरीने मासा खाल्ला.
आणि लगेच खाली:
मासा मांजरीकडून खाल्ला गेला.

सगळे हसतात. दिवसभर मासेच कापलेली माणसं,
चारदा साबण लावूनही
हॅडॉकचा वास न सुटलेले हात.
दाइवा म्हणते, आमच्या कौनासला असं कोणी बोललं
तर त्याला डॉक्टरकडे नेतील. इथे का बोलतात?

बाई मार्करला टोपण लावतात.
कर्ता ठाऊक नसेल तेव्हा.
त्याचं फारसं महत्त्व नसेल तेव्हा.
किंवा…
आणि रेडिएटरकडे बघत राहतात.

मी मागच्या खुर्चीवर, हजेरी भरणारी.
माझ्या भाषेत भूतकाळ लागला
की क्रियापद आपसूक कर्माकडे झुकतं:
मासा खाल्ला, भाकरी खाल्ली.
पण म्हणून कर्ता पळत नाही,
'ने' लावून उभा असतो वाक्याच्या उंबऱ्यात
मिशा पुसत.
इंग्रजीत तो मागच्या दाराशी जातो,
'बाय' म्हणतो,
पुष्कळदा तेवढंही म्हणत नाही.
करून सवरून नामानिराळा.

हाबतोम डाव्या हाताने जॅकेटची चेन ओढतो.
उजव्याला अजून पट्टी. आत बोटं तीन.
कंपनीचं पत्र आहे. मोठ्याने वाचा, म्हणतो,
मला हे समजलं नाही,
की समजलं ते एवढंच आहे?

यंत्रावरील जाळी काढण्यात आली होती.
पुरेशी काळजी घेतली गेली नाही.
बोटांना इजा झाली.
झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे.

आता कोणी हसत नाही.
खेदालासुद्धा मालक नाही, दाइवा पुटपुटते,
लिथुएनियनमध्ये असावं,
पण सगळ्यांना कळतं.

स्ट्रॉसनबाई पुस्तक मिटतात.
आजचा स्वाध्याय हाच. कर्ता शोधा.

हाबतोम उठतो. डाव्या हाताची अक्षरं
शेळ्यांसारखी फळाभर पांगतात:
कीथने जाळी काढली. सोमवारी.
पट्टा जोरात पळावा म्हणून.
मी पाहिलं.
मी बोललो नाही.

क्रियापदाचं एक रूप चुकलंय.
बाई दुरुस्त करत नाहीत.

मग उरलेल्या वेळात: स्वतःविषयी दोन वाक्यं.
इंग्रजीत, कळलं आम्हाला,
माणूस जन्मत नाही, जन्माला घातला जातो,
आणि घालणारी वाक्यात नसते.
एकोणीस तास! दाइवा ओरडते,
माझी आई एकोणीस तास कळा देत होती,
तिला कुठे ठेवलंत?
त्यावर खूप गलका होतो, अरबीतून, कुर्दीतून,
कोणाच्या तरी मोबाइलवर
कोणाची तरी आईसुद्धा येते.

हाबतोमने दुसरं वाक्य लिहिलंय:
माझा भाऊ समुद्रात हरवला गेला.

बाईंचा मार्कर वहीच्या समासात
'कोणाकडून' लिहायला टेकतो.
शाईचा एक ठिपका होतो. वाढतो.
धक्क्यावरच्या दगडात त्यांच्या आजोबांचं नाव आहे,
ट्रॉलरसकट गेलेल्या अकरा जणांत चौथं,
आणि खाली हेच तीन शब्द.
त्या दगडाला त्यांनी
लहानपणापासून काही विचारलेलं नाही.
त्या टोपण लावतात.
बरोबर आहे, म्हणतात. हे वाक्य बरोबर आहे.

नऊ वाजता खुर्च्या लावल्या गेल्या,
दिवे मालवले गेले, खोली बंद करण्यात आली,
असं नोंदवहीत लिहायची इथे रीत आहे.
मी लिहिलं:
खुर्च्या दाइवाने लावल्या. दिवे मी मालवले.
फळा पुसायचा राहिला नाही,
स्ट्रॉसनबाईंनी पुसला नाही.