खाते क्रमांक चारशे सतरा

लेखक पाणी पितात, मग म्हणतात,
"वहिनी शिकलेल्या सातवीपर्यंत. पण बुद्धी उपजत."
टाळ्या.
शाहूपुरी पाचव्या गल्लीतला आमचा हॉल,
पंच्याऐंशी खुर्च्या, त्यातल्या वीस मंडपवाल्याच्या.
एक पंखा कटकटतो, तो मी मुद्दाम बंद ठेवलाय.
पुढच्या रांगेत कारखान्याचे माजी संचालक,
त्यांच्या मागे आजी.

"वेणूवहिनी खोराटे,"
नाव असं घेतात, जसं बशीत ठेवून पुढं करावं,
"चहा आतून पाठवायच्या, आणि कपात साखर किती
त्यावरून तालुक्याला कळायचं तिकीट कुणाचं कापलं."
हशा. बोलतात चांगलं.
सहा वर्षं फिरलेत, ऐंशी माणसांना भेटलेत.
मला नाही भेटले.
माझ्याकडं हार आणि माइक.

चारशे सतरा साहेबांच्या नावे.
साहेब इथं दोनदा आले, दोन्ही वेळा उद्घाटनाला.
दर शनिवारी साडेचारला मात्र दस्तगीर ड्रायव्हर,
गाडी पानपट्टीपाशी, हातात पिशवी, खिशात चिठ्ठी.
अक्षरं सुटी सुटी, वर रेघ न ओढलेली:
सहकाराच्या कायद्याचं.
जमीन महसुलाचं.
पाटबंधाऱ्याचं, नकाशे असलेलं.
एकदा नुसतंच, 'मागच्याच्या पुढचा भाग'.
अशी अकरा वर्षं.
परत यायची तेव्हा कलमांच्या कडेला
पेन्सिलीच्या बारीक फुल्या,
आणि गाळप परवान्याच्या पानावर हळदीचं बोट.
मी तेव्हा नवी. फुल्या खोडायचं काम माझं.
खोडता खोडता वाचत गेले,
मला कायदा येतो तो तेवढाच.
साहेबांचं ते गाजलेलं भाषण लेखक आत्ता वाचून दाखवताहेत.
त्यातल्या तीन कलमांवरच्या फुल्या
मी या हातानं पुसल्यात.
हळद निघाली नाही.

"कुणाला काही विचारायचंय?"
माजी संचालक उठतात, घसा साफ करतात,
"वहिनींच्या हातच्या मटणाचं पुस्तकात आलंय का नाही?"
"आहे तर! स्वतंत्र प्रकरण आहे."
माइक फिरून माझ्याकडं येतो.
मी बटण बंद करते.

पुरात खालचे तीन रॅक गेले,
रजिस्टर माळ्यावर होतं म्हणून राहिलं.
चारशे सतराची शेवटची नोंद साहेब गेले त्या आठवड्यातली.
एक पुस्तक, परत नाही. दंड रोज दहा पैसे.
दरवर्षी मार्चअखेर हिशेबनीस म्हणतात, बाई, सोडा आता,
माफीचा अधिकार तुम्हालाच आहे.
आहे.
माफ केलं की खातं बंद करावं लागतं.

खुर्च्या मिटताना लेखक जवळ येतात,
शाल सावरत, नारळ कुठं ठेवावा कळत नाही त्यांना.
"मॅडम, इथून स्टँडला रिक्षा मिळेल?"
"मिळेल की," मी म्हणते,
"पानपट्टीपाशी उभ्या असतात."