डावा गाल

वडिलांची रायफल माझ्याकडे आली
घोंगडीत गुंडाळून, दोरीने बांधून,
सोबत तैस्तोची चिठ्ठी:
परवाना तुझ्या नावावर झालाय. दस्ता फुटलाय.
विकलीस तरी माझी हरकत नाही.

कुहमोला नोव्हेंबरात दुपारी तीनला अंधार पडतो.
शेडमधला दिवा लावून मी स्क्रू काढायला बसले.
गंजलेले. एकेकाला तेल पाजत, वाट पाहत.
खांद्याकडची लोखंडी पट्टी सुटली, तशा
दस्त्याच्या टोकाला चिकटवलेल्या
लाकडाच्या तीन चकत्या दिसल्या,
पाइन, आल्डर, पुन्हा पाइन.
म्हणजे कुणीतरी हा दस्ता आधी करवतीने तोडला होता
अकरा वर्षांच्या पोराच्या हाताएवढा,
आणि पोर वाढलं तसतसं
बोटभर बोटभर परत जोडला.
वडील कधीकाळी अकरा वर्षांचे होते
हे मला लाकडाने सांगितलं.
त्यांनी स्वतः कधी सांगितलं नसतं.

मीही अकराची होते तेव्हा.
गावाबाहेरच्या खाणीत पुठ्ठ्याचं निशाण,
माझ्या डाव्या डोळ्यावर त्यांचा मफलर,
तंबाखूच्या वासाचा.
"उजवा खांदा. दुसरा खांदा नसतोच."
दहा गोळ्या. दहाही खाणीच्या पोटात.
घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.
पुढच्या शरदात रायफल तैस्तोच्या हातात,
आणि माझ्या हातात बटाट्यांची टोपली.
(बटाटे मी डाव्या हातानेच सोलायची.
त्याला कुणाची ना नव्हती.)

लाकूड मिळालं सौनाच्या माळ्यावर.
विसा भूर्ज, गाठीगाठींचा, आतून
कुणी चहा सांडल्यासारखा तपकिरी.
दोन्ही टोकांना मेण, बुडाशी पेन्सिलीने साल,
सत्तावीस वर्षांपूर्वीचं, त्यांच्याच अक्षरात.
कशासाठी वाळत ठेवला होता?
विचारायला आता कोण आहे?

शेजारचा सुलो म्हणाला, घाई केलीस तर फाटेल.
मी घाई नाही केली.
दिव्याची काजळी लोखंडाला फासायची,
लाकडात दाबायची, उचलायची,
जिथे काळं उमटलं तेवढंच खरवडायचं.
पुन्हा काजळी. पुन्हा दाब. पुन्हा खरवड.
बर्फ पडला, वितळला, पुन्हा पडला,
माझी नखं काळी ती काळीच.
मग ओल्या फडक्याने पुसलं की
लाकडाची लव उभी राहायची
थंडीत अंगावर काटा यावा तशी,
ती शेगडीजवळ वाळवून घासायची,
आणि परत ओलं फडकं, चार वेळा,
पाचव्या वेळी काटा आलाच नाही.

हाताचं माप सुलोने घेतलं,
कोपराच्या घडीपासून बोटाच्या पेरापर्यंत.
"कुठला हात?" त्याने सहज विचारलं,
हातात सुतळी, तोंडात पेन्सिल,
जणू दोन्ही हात असतातच माणसाला.

तेव्हा गालाचा उंचवटा मी पलीकडच्या बाजूला कोरला.
लोखंड उजवंच राहिलं, त्याला काय करणार.
गोळी भरायला नळीवरून हात पलीकडे न्यावा लागतो,
जरा वेडावाकडा,
शेजाऱ्याच्या ताटातलं मीठ उचलावं तसा.
सवय होईल. नाही झाली तरी चालेल.

आता जवसाचं तेल.
तळहाताने, तळहात तापेपर्यंत.
आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्याला,
मग वर्षभर महिन्याला,
मग दरवर्षी एकदा, सुलो म्हणतो,
जोवर कुणीतरी आहे तोवर.

चकत्या मी टाकल्या नाहीत.
दोन खिडकीत आहेत, आल्डरची
कॉफीच्या कपाखाली घेते.
तैस्तोने फोनवर विचारलं, किंमत किती येईल?
मी म्हटलं, तेल अजून ओलं आहे,
आणि फोन
डाव्या कानावरून उजव्या कानाला नेला,
कारण त्या गालाला
लाकूड लावून पाहायचं होतं.