उलाळ

श्रीरंग अठ्ठावीस दिवस समुद्रात, रिगवर,
आणि घर पंधरा तारखेलाच रिकामं करायचं.
सोहार ते निझवा. सामान फार नाही:
फ्रीज, शिलाई मशीन, पुस्तकांचे सात खोके, गाद्या,
तेलाच्या डब्यात वाढलेलं लिंबाचं झाड.
मुराद बलुशीने त्याचा मासळीचा ट्रेलर दिला.
भाडं विचारलं तर म्हणाला, धुऊन परत आण.
धुतलेलाच होता.
वास मात्र होता.

फ्रीज मी अगदी मागे ठेवला, उतरवायला सोपा म्हणून.
मुरादने पुढच्या दांड्याला हात लावला.
दांडा दोन बोटांवर उचलला गेला.
तो बोलला काहीच नाही,
सगळं सामान पुन्हा खाली काढलं.

तेव्हा वर आला तो शब्द,
मिरजेत मामाच्या कौलांच्या वखारीत ऐकलेला:
गाडी उलाळ झाली.
मागे भार जास्त झाला की जू वर उठतं
आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला काचतात.
बत्तीस वर्षांत हा शब्द मला कुठेच लागला नव्हता.
मुरादला सांगितला. "उलाल," त्याने म्हणून पाहिलं
आणि फ्रीज चाकांच्या पुढे सरकवताना
दर धक्क्याला म्हणत राहिला.

पुस्तकं खाली, पुढे. गाद्या मागे.
आता दांडा उचलायला दोन्ही हात लागले,
कारचं बूड जरासं बसलं. एवढं बसू दे, म्हणाला.
साखळ्या खालून, फुली मारल्यासारख्या,
म्हणजे जोड निसटलीच
तर दांडा रस्त्यावर नाही, झोळीत पडेल.
टायरची हवा पहाटे, टायर गार असताना.
मृण्मयी मागे उभी राहून ओरडली:
डावा! उजवा! ब्रेक! आई, पुन्हा ब्रेक!

सोहारच्या शेवटच्या गोल चौकात
मी रुंद वळले, तरी मागचं चाक कठड्याला घासलंच.
मग ऐंशीचा काटा, उजवी लेन,
सगळं जग आम्हाला मागे टाकत निघालेलं.
पहिल्या पेट्रोल पंपावर पट्टे पुन्हा आवळले
(सैल झालेच होते),
चाकाच्या मध्याला हात लावून पाहिला.
गरम, पण हात ठेवता आला.

फंजाच्या अलीकडे, उतारावर,
शेजारून टँकर गेला
आणि आरशात ट्रेलरने मान हलवली.
नाही. नाही. नाही.
माझा पाय ब्रेककडे निघाला.
ब्रेक नको, मुराद म्हणाला होता,
त्याच्याशी भांडू नको, चाक सरळ धर,
फक्त वेगावरचा पाय काढ आणि थांब.
थांब म्हणजे किती, ते नव्हतं सांगितलं.
लिंबाचा डबा पायांत धरून मृण्मयीने विचारलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
चार झोके. तीन.
मग एक, अर्धवट.
नंतर कितीतरी किलोमीटर
माझी बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती.

निझव्यात गल्ली अरुंद, ट्रेलर मागे घ्यायचा.
हात स्टिअरिंगच्या खालच्या काठाला:
हात जिकडे, शेपूट तिकडे.
सांगायला सोपं.
समोरच्या केरळी शिंप्याने
खुर्ची पायरीवर आणून मांडली.
अकरा वेळा ट्रेलर घडी घातल्यासारखा दुमडला.
बाराव्या वेळी फाटकातून आत गेला.
शिंप्याने टाळ्या नाही वाजवल्या,
खुर्ची उचलून आत नेली.

रात्री रिगवरून फोन: जमलं?
उलाळ झाली नाही, म्हटलं.
काय नाही झाली? लाईन खरखरत होती.
समजावत बसले नाही.

दुसऱ्या दिवशी रिकामा ट्रेलर घेऊन परत.
रिकामा जास्त उड्या मारतो,
खड्ड्याखड्ड्याला हे मला तोच सांगत होता.
मुराद दारातच उभा.
आधी वाकून टायर पाहिले, मग साखळ्या,
मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या:
"उलाल?"
मी पाण्याचा पाइप मागितला.