अंदाजपत्रक

टार्मोनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ठेवला.
तोडफोड, नऊशे. वॉटरप्रूफिंग, अकराशे.
फरश्या तुम्ही निवडाल तशा.
"एवढीशी तर न्हाणी," आउलिक्की म्हणाली,
"दोन पावलांत संपते."
"कोपरे तरी चारच लागतात ना," तो म्हणाला.

टब उचलला. खालचं लाकूड
भिजल्या पावासारखं बोट टेकताच खचलं.
कागदावर नवी ओळ आली,
पुढे आकडा नाही, नुसतं प्रश्नचिन्ह.

तीन आठवडे शेजारच्या हेल्वीकडे आंघोळीला,
काखेत टॉवेल, टाम्पेरेच्या बर्फातून,
वेइक्को तिच्या कोपराला धरून.

यादीत सगळ्यात शेवटी, सगळ्यात स्वस्त:
भिंतीतली दांडी, अठ्ठावीस युरो.
तिच्यासाठीच तर हे सगळं.

आत पाणी सुरू झालंय.
आउलिक्की दाराबाहेर,
कोपर अजून पुढे काढलेलं.