आवडाई, वय एकोणतीस

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यापासून तिसऱ्या गल्लीत
फानबाईचं दुकान. नाव फान,
आणि दुकानात पंखा एकही नाही.
दोन टनांचा एसी गळत होता
औषधांच्या कपाटावर, म्हणून मला बोलावलं.

जुलै. बाहेर सत्तेचाळीस.
शिडीवर चढून जाळी काढली तर नुसती धूळ नव्हती,
शेवंतीच्या पाकळ्यांचा भुगा होता,
ज्येष्ठमधाचे तंतू, आणि कसलंतरी कडू पीठ.
खोकत सुटलो.
ती खाली उभी राहून माझा खोकला मोजत होती,
आलेला माल मोजावा तसा.
"सदीक, उतर."

मनगटावर तीन बोटं. गार.
भिंतीवर तक्ता: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी,
एकातून एक निघतं
आणि आडव्या बाणाने एक दुसऱ्याला खातं.
मी म्हटलं, बाई, आमच्या पाचांत लाकूड-बिकूड नाही,
आमच्यात वारा आहे, आकाश आहे.
"आकाश?" तिने विचारलं, "ते अंगात कुठे दुखतं?"
मला उत्तर आलं नाही.
दिवसाचे नऊ तास मी आकाशाखालीच असतो,
गच्चीवर, युनिटांच्या रांगेत.
तिथे दुखतो तो गुडघा.

तिचं बोट धातूवर थांबलं.
पांढरा रंग, तिखट चव, फुप्फुस.
आणि दुःख. हा शब्द तिने मोडक्या हिंदीत म्हटला,
मग मोडक्या अरबीत,
मला कळला नसेल असं वाटून.
"कोण गेलं तुमचं?"

कोणी नाही, म्हणणार होतो.
आई बरी आहे, बायको बरी, पोरगा दहावीला.
तोंडातून निघालं, "आवडाई."
"वय?"
"एकोणतीस."
"तरुण," ती म्हणाली,
आणि पुढे काही विचारलं नाही.

आता कसं सांगायचं तिला
की आवडाई म्हणजे होडी. हर्णैची.
बापाने बांधून घेतलेली, ऐनाची,
आत्याचं नाव दिलेली.
माझा व्हिसा तिच्यातून निघाला.
घेणाऱ्याने मशीन काढून ठेवलं
आणि फळ्या दापोलीत एका बेकरीला दिल्या.
मशीन चांगलं होतं.
त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही.

तक्त्यावर धातूपासून लाकडाकडे एक बाण होता.
चिनी येत नाही मला. तो तेवढा वाचता आला.

ती खण उघडत गेली. जर्दाळूच्या बिया,
सुंठ, कसली तरी पांढरी मुळी,
पितळी तराजूत सगळं सोन्यासारखं तोललेलं.
एका खणातून लोबानाचा वास आला.
हा तर इथला, सलालाचा, मी म्हटलं.
"ग्वांगचौचा," ती म्हणाली, पावती दाखवली.
इथून गेला, तिथे निवडला, भाजला, शिक्का बसला,
परत आला. कस्टमने दोनदा पैसे घेतले.
"हा खोकल्यावर नाही. मार लागलेल्याला देतात."
तरी एक खडा पुडीत टाकला.

खोलीवर भाताच्या टोपात काढा उकळला.
सुलेमान पावसकर म्हणाला,
अरे, चपला शिजवतोयस का?
नऊ दिवसांत खोकला गेला,
काढ्याने की तोंडाला फडकं बांधू लागलो म्हणून, कोण जाणे.

बिल बारा रियालचं होतं. तिने दहा दिले
आणि दोन संत्री. एक तुला, एक तिला.
"साल टाकायची नाही. जुनी झाली की तेच औषध."

दोन्ही मीच खाल्ली,
गच्चीवर, युनिटाच्या सावलीत बसून.
साली झाकणावर मांडल्या, गरम झोतात.
तासाभरात वाळल्या.
एकीच्या कडा वर वळल्या, पोट खाली राहिलं,
आणि ती हलायला लागली.
खिशातला बोल्ट काढून तिच्यात ठेवला,
वाऱ्याने जाऊ नये म्हणून.