तफावत

ऑर्व्हल हॅचने वही माझ्यापुढे सरकवली.
आठशे बारा. सातशे सत्तर. आठशे सेहेचाळीस.
सातशे एक्क्याण्णव.
"सगळ्या एकाच डब्यातल्या," तो म्हणाला,
"आणि वागतात सावत्र भावंडांसारख्या."

पोकाटेलोत जानेवारी. गॅरेजात केरोसीनचा हीटर,
पितळी पुंगळ्यांनी भरलेली बादली,
खुंटीवर लव्हॉनचा ॲप्रन, तीन वर्षं तिथेच.
पिस्तुलातलं मला ओ की ठो कळत नाही, मी सांगितलं,
मी इस्पितळात औषधं तोलते, मिलिग्रॅमात.
म्हणूनच बोलावलं, तो म्हणाला.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जिथल्या तिथे.
रेल्वेच्या यार्डात चाळीस वर्षं ब्रेक तपासलेल्या माणसाचा
हा एकच धर्म.

पहिल्या शनिवारी पुंगळ्या निवडल्या,
बुडावरचे शिक्के भिंगातून वाचत,
एका कारखान्याच्या एका वाडग्यात.
दुसऱ्या शनिवारी शिसं किती खोल बसतं ते मोजलं,
मग तोंड किती आवळलंय ते.
दर वेळी बर्फातून रेंजवर, तिवईवर वेगाचं यंत्र,
पाच बार, पाच आकडे, थर्मासमधला कोको.
तफावत थोडी घटली. गेली नाही.

तिसऱ्यांदा मी तराजूकडे पाहिलं.
हीटरच्या झोताबरोबर काटा श्वास घेत होता.
मालवणात बाबा सोनं तोलताना पंखा बंद करायचे,
गिऱ्हाईक बोलत असलं तर नुसता हात वर,
की त्याचं बोलणंही थांबायचं, श्वासही.
मी ऑर्व्हलला गुंज सांगितली: तांबडी, काळ्या डोळ्याची,
हिच्यावर आमच्या तीन पिढ्या जेवल्या.
तो खुश. "आमचा ग्रेन म्हणजे जवाचा दाणा,
म्हणजे तुझा बाप आणि मी एकाच पेठेतले."
हीटर बंद करून आम्ही कुडकुडत तोललं.

मग दारू. कोरड्या हवेत ती
प्लास्टिकच्या नळीला आतून चिकटून बसलेली,
कपाळावरच्या अंगाऱ्यासारखी.
कपड्यांच्या ड्रायरमधल्या सुगंधी फडक्याने नळी पुसली.
गॅरेजभर लव्हेंडर. तो ॲप्रनकडे बघत नव्हता.

आता उरलं होतं हँडल.
खाली टक, वर टक. मी डोळे मिटून ऐकलं.
खाली टक.
वर ट, टक.
खाली, मध्येच थबकून, टक.
डोळे उघडले तेव्हा हँडल थांबलं होतं
आणि मांडीवर त्याचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत होता,
सावकाश, कुणी न सांगता.
आमच्या धंद्यात या हालचालीला नाव आहे: गोळी वळणं.
माझ्या भाषेत दोन्ही गोळ्यांना एकच शब्द.
हे त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

वही मी पुन्हा चाळली, आकडे सोडून.
जुन्या पानांवर अक्षर ऐसपैस, रेघ ओलांडणारं,
या हिवाळ्यात मुंगीएवढं.

"तू ओढ," तो म्हणाला.
मी ओढलं. पन्नास वेळा, बाबांसारखा श्वास धरून.
रविवारी रेंजवर बार मीच काढले, आयुष्यातले पहिले;
त्याने यंत्र वाचलं, मोठ्याने:
आठशे तीन. आठशे सहा. आठशे एक.
आठशे पाच.
पाचवा आकडा त्याने वाचलाच नाही, मला दाखवला.

परत आल्यावर वहीतल्या "कारण" या रकान्यावर
पेन बराच वेळ तसंच. मग लिहिलं: हँडल.
"जुनं झालंय," तो म्हणाला, "ढिलं. बदलू या. नाही?"
बाहेर मालगाडी जोडली जात होती, डब्यामागून डबा,
धक्का लांबपर्यंत पोचत होता.
तराजूवर कापड टाकत मी म्हटलं,
"हँडल ठीक आहे, ऑर्व्हल."

त्याने तो शब्द खोडला नाही.
पेन मात्र
माझ्याकडे दिलं.